शंभर दिवसांची वैजयंता

माझ्या मुलाला मोटारसायकल येत नाही, नारळ फोडता येत नाही, आणि भिंतीवर पाल दिसली की बेचाळिसाव्या वर्षीही तो खुर्चीवर चढतो. नाव मात्र धैर्यशील. ते साहेबांनी ठेवलं होतं. साहेब म्हणजे माझे यजमान, दिनकरराव भोईटे, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. घरात मीसुद्धा त्यांना साहेबच म्हणायचे. दुसऱ्या कुठल्या हाकेला ते वळून बघत नसत.

धैर्यशील व्हँकूव्हरला असतो, धाकटी ऋतुजा सिंगापूरला. मी सांगलीत, विश्रामबागेत, चौथ्या मजल्यावर एकटी. दोघांनाही माझी भारी काळजी. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचे पाय दुखतात?

साहेबांना पक्षाघात झाला तेव्हा दोघांनी मिळून माझ्यासाठी एक पट्टी पाठवली. अंथरुणाला खिळलेल्या बापाला मुलगा हवा होता, त्यांची कूस बदलायला मला आणखी दोन हात हवे होते, आणि कुरिअरनं आली काय, तर मनगटावर बांधायची करड्या रंगाची पट्टी. नाव 'जपणूक'. सोबत एक पुस्तिका. मुखपृष्ठावर एक म्हातारी खिदळत होती. इतके पांढरे दात सत्तरीत कुणाचे असतात, देव जाणे.

पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मुलांनी वाचली नव्हती. ती पिढी बटण दाबते, वाचत नाही. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे. साहेबांच्या संसारात त्या पदवीचा उपयोग फ्यूज बदलण्यापुरता झाला, ती गोष्ट वेगळी.

तर ही पट्टी करते काय? नाडी मोजते, घाम मोजते, कातडीचं तापमान, पावलांचा ठेका, झोपेत किती कुशी बदलल्या ते मोजते. आवाजही ऐकते. बोलण्यातला मजकूर नाही, बोलताना माणूस कुठं आणि किती थांबतो तेवढंच. पहिले शंभर दिवस ती गप्प असते, नुसती शिकते. त्या शंभर दिवसांत तुमचं जे चित्र तयार होतं त्याला पुस्तिकेत 'नेहमीची अवस्था' असं नाव आहे. एकशेएकाव्या दिवसापासून ती रोजच्या तुम्हाला त्या चित्राशेजारी उभं करते आणि फरक काढते. आता तो फरक चांगला का वाईट, हे तिला कसं कळतं? तर ही पट्टी बांधलेली लाखो म्हातारी माणसं तिच्या साठ्यात आहेत. त्यांतलं कोण पुढं भ्रमिष्ट झालं, कोण पडलं, कुणी जीव दिला, हे सगळं तिथं नोंदलेलं आहे. त्या लोकांच्या आधीच्या दिवसांशी तुमचे दिवस जुळायला लागले, की ती टक्के सांगते. वेधशाळा पावसाचे सांगते तसेच.

कल्पना वाईट नाही. ज्याला ती सुचली त्याला अक्कल होती, हे मी मान्य करते. पण माझे शंभर दिवस कुठले होते? साहेबांचे शेवटचे. पहाटे साडेचारला उठणारी, पावलं न वाजवता चालणारी, साहेबांची झोपमोड नको म्हणून कुजबुजणारी, त्यांची घंटी वाजली की छातीत धस्स होणारी, उभ्या उभ्या वरणभात गिळणारी आणि तीन महिने जिना न उतरलेली बाई पट्टीनं पाहिली. ती बाई तिनं अगदी मन लावून शिकून घेतली आणि शिक्का मारला, की ही वैजयंता.

एकशेचौथ्या दिवशी साहेब गेले.

मुलं आली, रडली, तेराव्याचं जेवण उरकलं आणि चौदाव्या दिवशी परत गेली. जाताना ऋतुजा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, पट्टी काढू नकोस हं. आम्हाला तेवढाच आधार आहे." यांना आधार! नवरा माझा गेला होता.

मग मी झोपले. तीन आठवडे सकाळी नऊपर्यंत झोपले. उठल्यावर कपाट उघडलं. साहेबांना बायकांनी फिकट रंग नेसलेले आवडायचे, त्यामुळं कपाटात नुसता आजार भरल्यासारखा दिसत होता. बावन्न साड्या काढल्या आणि कामाला येणाऱ्या कमलला आणि तिच्या बहिणींना देऊन टाकल्या. साहेबांचे कोट दिले. कागदपत्रं लावून ठेवली. सांत्वनाचे फोन घ्यायचं बंद केलं, कारण फोन करणाऱ्या बायका मी रडेपर्यंत ठेवतच नव्हत्या. खोटं कशाला बोलू? मला हलकं वाटत होतं. माणूस वाईट नव्हता, दारू नाही, मारहाण नाही. पण पंचेचाळीस वर्षांनी त्या घरात मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येत होता. हे मी कुणालाही सांगितलं नाही. पट्टीला न सांगताच कळलं.

दर रविवारी दोघं एकदम पडद्यावर यायची, माझा अहवाल हातात घेऊन. मी कशी आहे हे मलाच वाचून दाखवायला.

"आई, तुझा आकडा बावन्नवर गेलाय," धैर्यशील म्हणाला.

"कसला आकडा?"

"जोखमीचा. म्हणजे तू स्वतःला काही करून घेशील याचा. साड्या का वाटल्यास?"

"नेसायच्या नव्हत्या म्हणून."

"आणि काकूंचा, मावशीचा फोन का उचलत नाहीस?"

"त्या रडतात. माझा तेव्हा चहा निवतो."

ऋतुजानं भावाकडं बघितलं. "दादा, बघ, अगदी असंच लिहिलंय. आपल्या वस्तू वाटून टाकणं, माणसं तोडणं, कागदपत्रं आवरणं, आणि मग अचानक आलेली शांती." मग माझ्याकडं वळून, लहान पोराशी बोलावं तशा आवाजात, "आई, तू इतकी शांत कशी गं?"

"मग काय करू? भांडी आपटू?"

"चिडतेय," ती हळूच भावाला म्हणाली. "चिडचिड पण आहे यादीत."

घ्या! गप्प बसले तर लक्षण, बोलले तर लक्षण. पट्टी काढून कचऱ्यात टाकावी, तर पुस्तिकेत ते सगळ्यात मोठं लक्षण होतं. आणि ते महागात पडलं असतं. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठ रक्षण कायदा आला होता. आकडा पंचाहत्तरच्या वर गेला, की त्याच मिनिटाला मुलं तुमची तात्पुरती पालक होतात. तुमची बँक, तुमच्या दाराचं कुलूप, तुमचा दवाखाना, सगळं त्यांच्या हातात. आठ दिवसांत सुनावणी होते आणि अधिकाऱ्याला पटलं, तर तुमची रवानगी निगा निवासात. तिथल्या खोल्यांना आतून कडी नसते. आमच्या खालच्या मजल्यावरचे गोसावी मास्तर असेच गेले. बायको वारल्यावर ते भर दुपारी गच्चीवर पतंग उडवायला लागले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. जाताना जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, मांजा फार छान लागला होता हो या वेळी."

मला तिकडं जायचं नव्हतं. मला कुठं जायचं होतं तेही ठाऊक नव्हतं. म्हणून मी माहेरी गेले.

माहेर माझं माळेवाडीला, तासगावच्या बाजूला. थोरला भाऊ जाऊन चार वर्षं झाली. आता त्याचा मुलगा हणमंत आणि त्याची बायको रूपाली शेती बघतात. घरामागं मळ्यात आमची थोरली विहीर आहे. दगडात बांधलेली, एका बाजूनं पायऱ्या, आणि वर थारोळं, म्हणजे पूर्वी मोटेचं पाणी जिथं ओतायचे तो दगडी चौथरा. हल्ली शेताला पाणी नळीनं दुसरीकडून येतं, त्यामुळं विहिरीला कुणी विचारत नाही. निम्मी तरी भरून होती.

सहा वर्षांची असताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या पाठीला वाळके भोपळे बांधून मला त्या विहिरीत टाकलं होतं. नवव्या वर्षी मी थारोळ्यावरून मुटका मारायचे. मुटका म्हणजे गुडघे छातीशी घेऊन, अंगाचा गोळा करून उडी घ्यायची आणि पाणी असं उडवायचं की काठावरचा भिजला पाहिजे. पोरांचं पाणी अर्ध्यापर्यंत यायचं. माझं थारोळ्यावर यायचं. गावात मला मुटक्याची वैजू म्हणायचे.

मग साहेब आले. चार धरणांच्या वसाहतींत आम्ही राहिलो. प्रत्येक घराच्या खिडकीतून पाणी दिसायचं आणि मला पाय बुडवायची चोरी. साहेबांची बायको पाण्यात उतरली असं लोकांनी म्हणायला नको. मुलांना तरी पोहायला शिकवते म्हटलं, तर म्हणाले, "बुडाली तर जबाबदारी कोणाची?" हा धरणं बांधणारा माणूस. स्वतः अंघोळीला डोक्यावर तांब्या ओतताना डोळे मिटून घ्यायचा. आणि मी? मी फिजिक्स शिकलेली शहाणी बाई, 'बरं' म्हटलं आणि पडदे शिवले. दुसऱ्यांना नावं ठेवते, पण सगळ्यात जास्त चीड मला त्या 'बरं'ची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीचा पंजाबी ड्रेस मागून घेतला आणि पायऱ्या उतरले. वरून हणमंत ओरडत होता.

"आत्ती, आगं वय काय तुझं? पाणी लई गार हाय. तुला काय झालं तर धैर्यशीलदादा मला उभा फाडंल!"

"तो झुरळ मारत नाही, तुला काय फाडतोय."

पाण्याखालच्या तिसऱ्या पायरीवर मात्र माझी तंतरली. कमरेपर्यंत पाणी, पायाखाली शेवाळ. वाटलं, परत वर जावं, चहा प्यावा, लोकांना सांगावं की पाणी खराब आहे. मग स्वतःचीच लाज वाटली आणि अंग सोडून दिलं.

हात आपोआप चालले. पाय आपोआप चालले. पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं तरी त्यांच्या लक्षात होतं. मी उताणी झाले, विहिरीच्या तोंडातून गोल आभाळ बघितलं आणि मोठ्यानं हसले. किती आनंद झाला म्हणून सांगू! लग्नात झाला नव्हता, मुलं झाली तेव्हाही इतका झाला नव्हता. आईनं असं बोलू नये म्हणतात. म्हणोत.

अकरा दिवस रोज पोहले; पट्टीनं ती लांबलेली अंघोळ धरली असावी. बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला थारोळ्यावर चढले, आप्पांचं नाव घेतलं आणि मुटका मारला.

आता पट्टीला काय दिसलं ते बघा. विधवा बाई. वस्तू वाटून टाकलेल्या, कागदपत्रं आवरलेली, मन अचानक शांत. घर सोडून लहानपणीच्या जागी गेली. आणि आज पंधरा फुटांवरून सरळ खाली पडली. नाडी दीडशे. मग पाणी, आणि पाण्याखाली पट्टीचा संपर्क तुटला. लाखो माणसांच्या साठ्यात हात घालून तिनं उत्तर काढलं: एक्क्याण्णव टक्के. गणित बिनचूक होतं. जिच्याशी ताडून बघायचं ती बाईच तेवढी चुकीची होती.

इकडं काठावर हणमंतचा फोन वाजला. त्यानं तो मोठ्या आवाजावर टाकला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"हणमंत! आईनं विहिरीत उडी मारली!" धैर्यशील किंचाळत होता.

"व्हय दादा," हणमंत म्हणाला. "लई भारी मारली. अर्ध्यापत्तोर पाणी आलं. आता दुसरी मारतीया, थांब, दावतो तुला."

पण दादा थांबला नव्हता. पट्टीनं रुग्णवाहिकेला कळवलं होतं, पोलीस पाटलाला कळवलं होतं. वीस मिनिटांत दोर, शिडी, खाट घेऊन अर्धा गाव मळ्यात. बायकांनी वाटेतच सूर लावला होता, "गेली गं बाई, नवऱ्यामागं गेली! काय पतिव्रता म्हणायची!" आणि पतिव्रता पायऱ्या चढून, ओढणी पिळत वर आली. मला जिवंत बघून एकीच्या तोंडावर अशी काही निराशा पसरली, की मलाच तिची दया आली. इतकं रडून फुकट गेलं बिचारीचं.

हसण्याचा भाग तिथं संपला. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मला गुंडाळून सांगलीच्या दवाखान्यात नेलं. मी पोहत होते असं दहा वेळा सांगितलं. दहाही वेळा त्यांनी "हो आजी, हो" केलं. संध्याकाळपर्यंत माझं बँकेचं खातं मला उघडेना. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, तर माझ्या अंगठ्यानं माझं दार उघडेना. शेजाऱ्यांसमोर चौथ्या मजल्यावर मी पायपुसण्यावर उभी, आणि कुलूप व्हँकूव्हरकडं परवानगी मागत होतं. आयुष्यात इतका अपमान कधी झाला नव्हता. साहेबांनीसुद्धा किल्ली माझ्याच कमरेला ठेवली होती.

धैर्यशील एकतीस तासांत आला. बाप शंभर दिवस वाट बघत होता तेव्हा विमानं बंद होती वाटतं. दारातच त्यानं मला घट्ट धरलं. बराच वेळ सोडलंच नाही, आणि माझा राग तेवढ्यापुरता वितळला. मग त्यानं तोंड उघडलं.

"आई, तुला इतका त्रास होतोय हे आम्हाला का नाही सांगितलंस?"

"मला त्रास होत नव्हता. मी पोहत होते."

"तुला कुठं पोहता येतं?"

तो चेष्टा करत नव्हता. माझ्या पोटचा पोरगा, बेचाळीस वर्षांचा, आणि आईला पोहता येतं हे त्याला माहीतच नव्हतं. कधी विचारलं नाही त्यानं, आणि मी कधी सांगितलं नाही. त्याच्या लेखी ती बाई जन्मालाच आली नव्हती.

"येतं," मी म्हटलं. "उद्या चल माळेवाडीला, दाखवते."

"आता विहिरीजवळ जायचं नाही, आई. प्लीज." आणि त्यानं बॅगेतून पुण्याच्या एका निगा निवासाची माहितीपत्रकं काढली. हिरवळ, झोपाळे, आणि तेच पांढरे दात.

सुनावणी आठव्या दिवशी झाली. ज्येष्ठ मूल्यांकन कक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, टेबल आणि भिंतीवर पडदा. पडद्यात ऋतुजा. टेबलामागं डॉ. आफरीन मुजावर, पन्नाशीची, चष्मा कपाळावर ढकललेली बाई. त्यांनी आधी अहवाल वाचला, मग मला वाचलं. असं करणारी ती महिन्याभरातली पहिलीच व्यक्ती.

"उडी मारताना मनात काय होतं, काकू?"

"पाणी थारोळ्यापर्यंत जातंय का नाही, एवढंच."

"गेलं?"

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा गेलं."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं. "ही पट्टी कधी बांधली?"

मी तारीख सांगितली. मग साहेब गेल्याची तारीख सांगितली. त्यांनी दोन्ही तारखा कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. एवढी साधी वजाबाकी माझ्या दोन इंजिनिअर मुलांना सुचली नव्हती.

"मिस्टर भोईटे," त्या धैर्यशीलला म्हणाल्या, "ही पट्टी तुमच्या आईला ओळखत नाही. एका घाबरलेल्या बाईला ओळखते. आई त्या बाईपासून जितकी लांब जाईल तितका आकडा वाढणार. यावर उपाय आहे. पट्टीचं शिकलेलं सगळं पुसायचं आणि पुन्हा शंभर दिवस शिकू द्यायचं. त्या काळात आकडा नाही, अहवाल नाही, पालक नाही. त्या एकट्या, त्यांच्या मर्जीनं राहतील. पण त्याला तुमची सही लागते."

"शंभर दिवस आम्हाला काहीच कळणार नाही?" पडद्यातून ऋतुजा.

"फोन करून विचारता येतं," मी म्हटलं. "पूर्वी लोक तसंच करायचे."

धैर्यशील माझ्याकडं वळला. "त्या शंभर दिवसांत तू पुन्हा त्या विहिरीत…"

"रोज."

"मग मी सही करणार नाही. सॉरी, आई. बापाला आत्ताच पोचवलंय. मला झेपणार नाही." खरं होतं ते. त्याचं प्रेम खोटं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. प्रेम आहे, पण बिनकष्टाचं आहे.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मग पालकत्व कायम करावं लागेल. अट माहीत आहे ना? निवासात घेण्याआधी नव्वद दिवस पालकानं ज्येष्ठाबरोबर एका घरात राहायचं. नोकर, नर्स चालत नाही. स्वतः. मागच्याच वर्षी घातलंय हे कलम. लोक सही करून त्याच संध्याकाळी विमानात बसत होते."

धैर्यशीलनं पडद्याकडं बघितलं.

"दादा," ऋतुजा म्हणाली, "तुला घरून काम करता येईल ना?"

"नव्वद दिवस? भारतातून? तूच ये. तुला तर पाच तासांचं विमान."

"माझं नवीन पद आहे रे, दोन महिने झालेत फक्त. आणि पोरांची शाळा."

"मग माझ्या पोरांना शाळा नाही?"

दोघं माझ्यासमोर मला ढकलत होती, वाढप्यानं पुढं केलेली नकोशी भाजी शेजाऱ्याच्या पानाकडं ढकलावी तशी. आणि आता एक गोष्ट सांगते, ती सांगायची माझी इच्छा नाही. त्या अर्ध्या मिनिटात मी हरायला तयार होते. 'राहतो मी,' एवढं तो म्हणाला असता, तर मी विहीर सोडली असती. थारोळं, मुटका, गोल आभाळ, सगळं सोडून साडेचारला उठले असते आणि त्याच्यासाठी थालीपीठ लावलं असतं. साठ दिवसांत त्याला कळलं असतं मी कोण आहे ते. नव्वद दिवस माझा मुलगा माझ्या घरात! इतकी मी मूर्ख. पंचेचाळीस वर्षांच्या 'बरं'नंतर आणखी एक 'बरं' माझ्या ओठांवर तयार होतं.

धैर्यशीलनं फोनवर तारखा वरखाली केल्या. मग फोन खिशात ठेवला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तो पुन्हा शिकवायचा फॉर्म द्या."

सही केली. दुसरी सही ऋतुजानं पडद्यातून केली. मग त्यानं माझा हात हातात घेतला. "आई, आमचा तुझ्यावर विश्वास आहे."

विश्वास! माझी सुटका माझ्या पोरांच्या विश्वासानं झाली नाही, त्यांच्याजवळ रजा शिल्लक नव्हती म्हणून झाली. मला सांभाळायला कुणालाच वेळ नव्हता, आणि म्हणून मी स्वतंत्र झाले. माझ्या बँकेची आणि दाराची परवानगी तिथंच परत आली, टेबलावरच्या माझ्या फोनवर टकटक दोन आवाज होऊन.

त्याला कोल्हापूरहून संध्याकाळचं विमान होतं. गाडी खाली उभीच होती. तो वाकून पाया पडला, "जप हं," म्हणाला, आणि गेला. जिन्यात त्याची पावलं ऐकू आली. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होता, शाळेची घंटा झाली की उतरायचा तसा. पडद्यातली ऋतुजाही हात हलवून मावळली.

डॉक्टरांनी माझं मनगट टेबलावर घेतलं, पट्टीचं शिकलेलं पुसलं आणि नव्यानं सुरू करायच्या बटणावर बोट ठेवलं. मग त्यांनी वर बघितलं आणि बोट उचललं. माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मला इतका संताप आला होता स्वतःचा, की विचारू नका.

"काकू, थोडं थांबू या," त्या म्हणाल्या. "चहा मागवते. सुरुवातीच्या तासाला ही फार महत्त्व देते. आत्ता सुरू केली, तर हे रडणं ती तुमचं नेहमीचं म्हणून धरेल."

"धरू दे बाई," मी म्हटलं. "मुलगा निघाला की आईला रडू येतं, एवढं तरी तिला नेहमीचं वाटू दे."

त्यांनी बटण दाबलं.